बंदीचे तीन महिने

२८ जून १९३३

आज दवंडी पिटली. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत हंसतालात मासे धरण्यास आणि मुरारच्या बाजारात मासे विकण्यास सक्त मनाई. दवंडीवाल्याने "मछलियों के अंडे देने के दिन हैं" हे वाक्य गाळलं, म्हणून त्याला जयेंद्रगंजच्या नाक्यावरून मागे फिरवून पुन्हा ओरडायला लावलं. लोक हसले. हसू देत.

ह्या हुकमासाठी अकरा वर्षांत सतरा अर्ज केले. एकशे बारा इसम पकडले, तीनदा मार खाल्ला, एकदा तलावात ढकलला गेलो. हुद्दा तलाव दरोगा, पण कचेरीत मला मछली पंडित म्हणतात. मी मासा कधी खाल्लेला नाही, हातही लावलेला नाही; माझी सगळी ओळख पुस्तकातल्या चित्रांवरून. पण पोटात अंडी घेऊन काठाला आलेल्या जीवावर जाळं टाकणं हा हलकटपणा आहे, एवढं कळायला मासा खावा लागत नाही. ह्या तीन महिन्यांत एकही मासा जाऊ देणार नाही. म्हणून ही नवी वही.

२ जुलै

शामला देवासहून बाळंतपणाला आली. सहावा महिना. गेल्या साली सातव्यात गेलं होतं, म्हणून तिच्या सासऱ्यांनी ह्या खेपेला लवकर पाठवली. टांग्यातून उतरताना माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ तशीच राहिली. ओठ अगदी पांढरे. प्रवासाचा शीण असावा.

ताईने दृष्ट काढली. शामला जन्मली त्याच दिवशी तिची आई, माझी राजलक्ष्मी, गेली. तेव्हापासून पोरीला ताईनेच वाढवलं. माझी थोरली बहीण सुधाताई विसाव्या वर्षी विधवा होऊन माघारी आली. तिचं सोवळं असं कडक की तिच्या स्वयंपाकघरात मीसुद्धा परवानगी काढून जातो.

६ जुलै

जनाना इस्पितळातल्या लेडी डॉक्टर वनमालाबाई घरी येऊन शामलाला पाहून गेल्या. म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त नाही. अशीच राहिली तर बाळंतपणात काय होईल ते मी सांगू शकत नाही. कलेजी, अंडी, मासे, काहीतरी सुरू करा. निदान माशाचं सार रोज द्या."

मी म्हटलं, "बाई, आम्ही देशस्थ ब्राह्मण आहोत."

"आजाराला ते कोणी सांगितलेलं नसतं," त्या म्हणाल्या.

 ताई बाईंना टांग्यापर्यंत पोचवायला स्वतः गेली आणि तिथे दोघी चांगली पाव घटका बोलत होत्या. ताईने त्यांना चार खडे बोल सुनावले असणार. मी वैद्यांकडून लोहभस्म आणलं. उत्तम प्रतीचं आहे.

९ जुलै

ताईने आज माझ्यासमोर पाट घेऊन बसून एक मागणी केली. शामलासाठी तिने नेम धरला आहे: रोज पहाटे हंसतालाच्या पायरीवर जाऊन जप करीत माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या.

धर्मसंकट. बंदीच्या हुकमात कलम चार असं आहे: पाण्यात कोणताही खाण्याचा पदार्थ टाकू नये. हे कलम मीच घातलं, कारण चोर कणीक टाकूनच मासे काठाला आणतात. दोन तास विचार केला. चोराची कणीक आणि ताईची कणीक ह्यांत हेतूचा फरक आहे, आणि कायदा हेतू पाहतो. तेव्हा परवाना लिहून दिला: "दरोगा यांचे घरातील वडील बाईमाणूस यांस धर्मकृत्य म्हणून मत्स्यांस कणीक घालण्यास हरकत नाही." ताईला वाचता येत नाही. तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि कमरेला खोचला.

१५ जुलै

तलावावर गेलो होतो. काय दृश्य! ताई पायरीवर बसली की शेकडो रोहू तिच्या पायांशी गर्दी करतात. अकरा वर्षांत मला एवढे मासे एका जागी दिसले नाहीत. पुण्याईचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे.

तलावाचे जमादार जगदेवराव शेजारी उभे होते. पलटणीतून निवृत्त झालेला मराठा गडी, बायकोसह काठावरच्या चौकीत राहतो. म्हणाले, "साहेब, असे जमले ना, तर कळशीनंसुद्धा निघून येतील."

मी त्यांना समज दिली की सरकारी नोकराने असले विचार मनातही आणू नयेत. त्यांनी सलाम केला. सलाम करताना हसू दाबल्यासारखं वाटलं, पण त्यांना दाताचा त्रास आहे.

२१ जुलै

चोरी झाली!

खालच्या पायरीवर माशाचे ताजे खवले सापडले. सात. चिमट्याने उचलून पाकिटात घातले. जगदेवरावांना विचारलं तर म्हणाले, "बगळे असतील, साहेब." बगळा मासा सोलून खात नाही, हे मी त्यांना चित्र काढून दाखवलं.

पहाटे तिथे सगळ्यांत आधी ताई असते, म्हणून रीतसर तिची जबानी घेतली.

"पायरीवर कोणी इसम दिसला का?"

"मला तिथे माझ्याशिवाय कोणीच दिसत नाही," ताई म्हणाली.

जबानी संपली. चोर ताई यायच्या आधी येऊन जातो, हे उघड आहे.

२७ जुलै, नागपंचमी

ताईने देवपूजा माझ्यावर सोपवून पंधरा दिवस झाले. गुडघे दुखतात म्हणते. पण तलावापर्यंत जाऊन येते मैलभर. देव्हाऱ्यासमोर बसणं गुडघ्यांना जास्त जड जात असेल.

शामलाचा काढा ती परसातल्या खोपटात वेगळ्या शेगडीवर करते. तिथे कोणी फिरकायचं नाही, असा हुकूम. वास उग्र आहे. मी विचारलं तर म्हणाली, "औषधाला अत्तराचा वास येतो का रे?" बरोबर आहे. परसात कुठून तरी तीन मांजरं येऊन राहिली आहेत. काढ्यात दूध असावं.

शामलाच्या ओठांवर रंग दिसू लागला. लोहभस्म लागू पडलं. वैद्यांना नारळ दिला.

५ ऑगस्ट

पुन्हा खवले. ह्या खेपेला पाच. चोर आठवड्यातून तीनचार वेळा तरी येत असावा. कचेरीत कोणाला कळवलेलं नाही. सतरा अर्ज करून मिळवलेल्या बंदीत माझ्या नाकासमोर चोरी होते, हे लिहायला हात धजत नाही. जेवण जात नाही. ताईने आग्रहाने दोन घास जास्त वाढले आणि म्हणाली, "एवढं नको रे मनाला लावून घेऊस." माझी काळजी करणारं घरात तेवढं एकच माणूस आहे.

१२ ऑगस्ट

तीन दिवस पहाटे बाभळीच्या आडोशाला बसून पाळत ठेवली. जगदेवराव सोबत होते. त्यांना नेमका खोकला झाला आहे, आणि खोकला नसेल तेव्हा ते मोठ्याने भजन म्हणतात. चोर आला नाही. ताई आली, गोळ्या घालून रिकामी कळशी घेऊन गेली.

आज शामला म्हणाली, "आत्या, तीन दिवस काढा का नाही?" ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "सामान मिळत नाही बाजारात. एक माणूस वाटेत बसून राहतो."

कोण माणूस, मी विचारलं. असली अडवणूक मी खपवून घेत नाही. ताई म्हणाली, जाईल तो कंटाळून. उद्यापासून पाळत बंद करतो. चोराला आमचा सुगावा लागलाय.

२४ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

ताईने नैवेद्य केला नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. शेजारच्या आळीतल्या एका बाईंना बोलावून मोदक करून घेतले आणि स्वतः मागच्या ओटीवर बसून राहिली. आरतीलासुद्धा आत आली नाही, चौकटीबाहेरून हात जोडले. आलेल्या बायका कुजबुजत होत्या. मला फार वाईट वाटलं. कारण विचारलं.

ती म्हणाली, "तू मला विचारू नकोस, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही."

दुपारी वनमालाबाई येऊन गेल्या. शामला पुष्कळ सुधारली म्हणाल्या. "तुमच्या घरात कोणीतरी एक शहाणं माणूस आहे," असंही म्हणाल्या. मी नम्रपणे मान लववली.

६ सप्टेंबर

ताई तलावाच्या शेवाळावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. जगदेवराव आणि त्यांच्या मंडळी शांताताई तिला खाटेवर घालून घरी घेऊन आले. हाड बसवताना तिने हूं की चूं केलं नाही. शांताताई तिची कळशी वर फडकं बांधून घेऊन आल्या. मी घ्यायला गेलो तर दोघी एकदम ओरडल्या. सोवळ्याची असेल.

तीन महिने अंथरूण. बाळंतपणाला वीस दिवस.

१० सप्टेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे सरळ लिहिता येईल.

सकाळी शामला न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडली. वनमालाबाई धावत आल्या. शामलाची पापणी ओढून पाहिली आणि मला म्हणाल्या, "जे चालू होतं ते बंद का केलंत? आता शेवटचे दिवस. आत्ताच रक्त लागणार आहे."

"काय चालू होतं?" मी विचारलं.

त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई खाटेवरून म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा बाई. मी सांगते त्याला."

ताईने सांगितलं. एका दमात सांगितलं, माझ्याकडे न बघता. कणकेने मासे जमले की कळशीच्या तोंडाला पंचा लावून एकदोन आत घ्यायचे. शांताताई चौकीत साफ करून द्यायच्या. ती खोपटात उकळायची. पहिल्या दिवशी ओकली. दुसऱ्या दिवशीही ओकली. तिसऱ्या दिवसापासून नाही. मोजून चोपन्न मासे. पहिला मासा धरला त्या दिवसापासून देवाला शिवली नाही.

मला राग आला. मी म्हटलं, "ताई, माझ्याच परवान्यावर?"

ती म्हणाली, "गोपाळ, राजलक्ष्मीच्या वेळी त्या गोऱ्या डॉक्टरनं हेच सांगितलं होतं. आठवतं? आपण दोघांनी त्याला हाकलला आणि तिला साजूक तूप घातलं. ती गेली तेव्हा मी देव्हाऱ्यासमोर बसले होते. फार चांगली पूजा झाली होती त्या दिवशी."

मला आठवत होतं. वीस वर्षं मी ते आठवत नाही असं धरून चाललो होतो. उठून बाहेर आलो. वनमालाबाई ओटीवर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मला रडू आवरेना.

११ सप्टेंबर

मासे हवेत. मुरारच्या बाजारात नाहीत, कारण बंदी आहे. बंदी मी आणली आहे. चोरून विकणारे सगळे मी पकडून दिले आहेत. आजच्याइतकं माझं काम मला कधीच चोख वाटलं नव्हतं.

जगदेवरावांना सांगता येईल. पण हाताखालच्या माणसाला गुन्हा करायला लावणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा जास्त आहे. तेव्हा स्वतःच गेलो. गोळ्या टाकल्या. मासे आले. एक कळशीत शिरलाही. पण कळशी उचलताना त्याने आतून धडक दिली आणि मी घाबरून सोडून दिली. रिकामा परत आलो. शामलाला भाकरी उचलून तोंडात घालण्याइतकीही ताकद नाही. ताईने एवढंच विचारलं, "पंचा दुहेरी केला होतास का?" केला नव्हता.

१२ सप्टेंबर

पुन्हा गेलो. जगदेवराव पायरीवर येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "जमादार, मी गुन्हा करतोय."

"काहीतरीच बोलता साहेब," ते म्हणाले. "पंचा खालून घाला. और ज़रा धीरे से." मग त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून सावधान उभे राहिले.

एक मासळी मिळाली. पंच्यातून हातात घेतली. थंड असेल असं वाटलं होतं. इतकी जिवंत असेल असं वाटलं नव्हतं. पोट टम्म फुगलेलं. मादी होती, दोनचार दिवसांत अंडी घातली असती. मी तिला धरून उभा राहिलो. सतरा अर्जांत मी हिच्याचबद्दल लिहिलं होतं. सोडली तर दुसरी केव्हा मिळेल, मिळेल की नाही, कळत नव्हतं. तिच्या तोंडाची उघडझाप मंद होत गेली आणि मग थांबली. मी नाही सोडली.

दुपारी शांताताईंनी सार आणि दोन तुकडे दिले. शामलाजवळ मी बसलो. तुकड्यातले काटे मी काढले. रोहूचा कुठला काटा कुठे असतो ते पुस्तकातून पाठ आहे. एकही राहिला नाही. शामला म्हणाली, "बाबा, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आत्याच्या काढ्यात काटे असायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला जगायचं होतं," ती म्हणाली.

१३ सप्टेंबर, अविधवा नवमी

राजलक्ष्मीचं श्राद्ध. गुरुजी सकाळी आले. मी पहाटे तलावावर होतो, हाताला अजून वास होता. ह्या हातांनी पिंड देता येणार नाही. गुरुजींना सांगितलं, गुडघे दुखतात. ते म्हणाले, पाटावर बसायला काय हरकत आहे? मी म्हटलं, फार दुखतात. शिधा देऊन त्यांची रवानगी केली.

मग तिच्या मुलीला जेवू घातलं. दोन तुकडे, वाटीभर सार, भात. तिने सगळं संपवलं. तिच्या आईला पोचलं असं धरून चालतो.

२५ सप्टेंबर

आज पहाटे शामलाला मुलगी झाली. कळा अठरा तास. रक्त पुष्कळ गेलं. वनमालाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते, आणि मला विचारायचं धाडस होईना. त्या आपणहून म्हणाल्या, "दोघी आहेत. जुलैमधली शामला असती तर एकही नसती."

ताईची खाट दाराशी ओढून घेतली होती. मूल तिच्या कुशीत दिलं. तिने त्याला पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी ओटीवर जाऊन जगदेवरावांना पेढा दिला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. ते म्हणाले, "बस बस, साहेब."

३० सप्टेंबर

बंदीची मुदत संपली. अहवाल लिहिला. अकरा वर्षांत एकही आकडा खोटा दिलेला नाही, तेव्हा आताही नाही असं ठरवलं. लिहिलं: "बंदीच्या काळात हंसतालातून मासे साठ चोरीस गेले. गुन्हेगार एक: तलाव दरोगा गोपाळकृष्ण आष्टेवाले, स्वतः. पद तात्काळ सोडण्यास तयार. जमादाराने काही पाहिले नाही, कारण त्याची पाठ होती."

अहवाल ताईला वाचून दाखवला. तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तिने डोळे मिटून ऐकला आणि म्हणाली, "साठ कसे? चोपन्न माझे, सहा तुझे."

"मी सगळे माझ्या नावावर घेतले आहेत," मी म्हटलं. "तू निवांत पड."

तिला राग आला. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाली, "सासरच्या कागदावर माझं नाव नाही. ह्या घराच्या कागदावर नाही. आयुष्यात एक काम मी माझ्या अकलेनं केलं, देव सोडून केलं, पोर वाचवली. तेही तू तुझ्या नावावर लावून घेणार?"

"ताई, शिक्षा होईल."

"होऊ दे. पण माझी मला होऊ दे."

मी आडनाव विचारलं. सासरचं लावू की माहेरचं? ती म्हणाली, मासे धरताना दोन्हीकडचं कोणी हजर नव्हतं, नुसतं सुधाबाई लिही.

कागद फाडून अहवाल पुन्हा लिहिला. तिने नाव कुठे आहे ते विचारलं, दाखवलं. बराच वेळ त्यावर बोट ठेवून होती, शाई थोडी फिसकटली. उद्या सकाळी फूलबागेजवळच्या कचेरीत नेऊन देणार. गुन्हेगार दोन. तिचं नाव वर घातलं आहे, माझं खाली. ती वयाने मोठी आहे.